लाळ आटलेल्या तोंडातलं आम्ल: एका शिक्षिकेच्या दातांचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या रुग्णाला मी ‘बाई’ म्हणणार आहे. शाळेत मुलं त्यांना तसंच म्हणतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. बाई तिथून एसटीने अर्ध्या तासावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचं वय ४६ होतं.

तक्रार साधी वाटावी अशीच. गार पाणी लागलं की दात सळसळतात आणि जेवताना सगळे दात आंबल्यासारखे होतात. कैरी खाल्ली की आपले दात आंबतात, दुसऱ्या दिवशी ते जातं. बाईंचे दात बारा महिने आंबलेले होते.

बाकीच्या गोष्टी विचारल्यावर एकेक करून बाहेर आल्या. भाकरीचा कोरडा घास पाण्याशिवाय उतरत नाही. वर्गात बोलताना जीभ टाळूला चिकटते, म्हणून पर्समध्ये पाण्याची बाटली आणि आवळा सुपारीचं पाकीट कायम असतं. आवळा तोंडात धरला की थोडं तरी पाणी सुटतं. मधल्या सुट्टीत गोड चहा, घरी आल्यावर पुन्हा चहा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं म्हणून तीन वर्षं थेंब चालू होते. सकाळी बोटं आखडायची, झोप लागायची नाही, त्यासाठी फॅमिली डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलीनची लहान गोळी दिली होती. रक्तदाबासाठी अम्लोडिपीन होती. पित्त वाटलं तर पॅन्टोप्राझोल, तीही आठवण होईल तेव्हा, बहुधा जेवणानंतर.

डोळे एका डॉक्टरकडे, सांधे दुसऱ्याकडे, पित्त औषधाच्या दुकानात आणि दात माझ्याकडे. कोरड्या तोंडासाठी त्या कुणाकडेच गेल्या नव्हत्या. ‘पाळी जायचं वय आहे, होतं असं,’ हे त्यांना घरात आणि शाळेत इतक्यांदा ऐकवलं गेलं होतं की त्याही तेच धरून बसल्या होत्या.

पहिला निर्णय

मी तोंड तपासलं तेव्हा गालाकडच्या बाजूने, हिरडीलगत पाच दातांना खाचा होत्या, त्यातल्या काही मऊ पडलेल्या. बाई लाल दंतमंजन बोटाने जोर लावून घासायच्या. त्यात गेरूसारखी खरखरीत माती असते. वरून दिवसभर आवळा. मला कारण सापडलं. मंजन बंद, मऊ ब्रश, आवळा कमी करा, असं सांगितलं आणि पाचही खाचा दाताच्या रंगाच्या कंपोझिटने भरून दिल्या.

मी सांगितलेलं कारण खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. एक पटणारं कारण हाती लागल्यावर मी शोध थांबवला. त्या दिवशी वरच्या पटाशीच्या दातांची टाळूकडची बाजू मी आरशात नीट पाहिली नाही. पाहिली असती तर पुढचे आठ महिने वाचले असते. कोरड्या तोंडाची नोंद मी केसपेपरवर केली होती. लाळ किती येते हे मात्र मोजलं नाही.

आठ महिन्यांनी बाई परत आल्या. पाचपैकी तीन फिलिंगच्या कडेने कीड लागली होती आणि पुढच्या एका दाताचा टवका उडाला होता. फळ्यावर लिहून मागे वळताना एका मुलाने विचारलं होतं, ‘बाई, तुमचा दात कुठं गेला?’ हे सांगताना त्यांनी पदर तोंडावर धरला होता.

दुसरी तपासणी: झीज आणि कीड

या वेळी मी हवेच्या झोताने एकेक दात कोरडा करून पाहिला. खरं तर कोरडा करायची गरजच पडत नव्हती, आरसा गालाला चिकटत होता.

वरच्या सहा पुढच्या दातांच्या टाळूकडच्या बाजूचं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, जवळजवळ गेलेलं होतं. त्याखालचा गुळगुळीत, चकचकीत, पिवळसर थर, डेंटिन, उघडा होता आणि कडा काचेसारख्या पारदर्शक आणि पातळ झाल्या होत्या. खालच्या दाढांच्या टोकांवर छोट्या वाट्या पडल्या होत्या. एका दाढेतलं वीस वर्षांपूर्वीचं चांदीचं फिलिंग आजूबाजूच्या दातापेक्षा उंच उभं होतं. आम्लाने दात विरघळतो, धातू तसाच राहतो. खालचे पुढचे दात मात्र बरेचसे शाबूत होते.

झिजेची ही मांडणी वाचता यायला हवी. आवळा, चिंच, लिंबू यांचं आम्ल तोंडात पुढून येतं, ते ओठांच्या आणि गालांच्या बाजूने जास्त खातं. घशातून वर येणारं आम्ल टाळूच्या बाजूने येतं, वरच्या दातांच्या मागच्या अंगावर आदळतं आणि जीभ खालच्या पुढच्या दातांवर पांघरुणासारखी पडलेली असल्याने ते वाचतात. बाईंच्या तोंडात दोन्ही खुणा होत्या. शिवाय हिरडीजवळची कीड, जी कोरड्या तोंडाची खूण. झिजेत जंतू लागत नाहीत, आम्ल थेट दात विरघळवतं. किडीत जंतू साखरेपासून आम्ल बनवतात. दोन वेगळे चोर, पण राखणदार एकच, आणि तोच गैरहजर: लाळ.

झिजेची नोंद मी ‘बीवी’ पद्धतीने केली. तोंडाचे सहा भाग, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण १८ पैकी. बाईंचे १२ आले. तक्त्याप्रमाणे ९ ते १३ म्हणजे मध्यम धोका. हा तक्ता सर्वसाधारण तोंडासाठी आहे, म्हणून मी बाईंना तीव्र धोक्याच्या गटात धरलं, आणि हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

मग लाळ मोजली. याला यंत्र लागत नाही. सकाळी, दीड तास काहीही न खाता-पिता, पंधरा मिनिटं मान खाली घालून जमेल ती लाळ मापाच्या कपात गळू द्यायची. निरोगी माणसाची विश्रांतीतली लाळ मिनिटाला साधारण ०.३ ते ०.४ मिलिलिटर असते. ०.१ किंवा त्याहून कमी म्हणजे ग्रंथी खरोखर मंदावल्या. बाईंची पंधरा मिनिटांत ०.९ मिलिलिटर आली, म्हणजे मिनिटाला ०.०६. मेण चघळायला देऊन पाच मिनिटं मोजली तेव्हा मात्र २ मिलिलिटर आली. हीही कमीच, पण ग्रंथी पूर्ण मेलेल्या नाहीत हे त्यातून कळलं, आणि पुढचे काही निर्णय या एका आकड्यावर उभे राहिले.

निदान

कोरडे डोळे, कोरडं तोंड, आखडलेली बोटं. मी संधिवाततज्ज्ञांना पत्र लिहिलं आणि संशय स्पष्ट शब्दांत मांडला: शोग्रेन सिंड्रोम. या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. हेन्रिक शोग्रेन हे स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ. त्यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रिया नोंदवल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींना सांध्यांचा त्रासही होता. बाईंनाही पहिल्यांदा डोळ्यांच्या डॉक्टरनेच पाहिलं होतं. फक्त डोळ्यांपासून तोंडापर्यंतचा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

रक्तात या आजारात आढळणारी ‘रो विरोधी’ प्रतिपिंडं सापडली. डोळ्यांच्या शिर्मर चाचणीत कागदाची पट्टी पाच मिनिटांत ३ मिलिमीटरच भिजली. ५ किंवा कमी असेल तर कोरडेपणा धरतात. या आजाराच्या निदानाच्या २०१६ च्या निकषांत रो प्रतिपिंडांना ३ गुण, शिर्मरला १, कमी लाळेला १ आणि निदानाला ४ पुरतात. म्हणून खालच्या ओठातल्या ग्रंथीचा तुकडा काढायची वेळ आली नाही. माझ्या साध्या कपातला आकडा तिथे एका गुणाचा धनी ठरला, याचं मला फार समाधान वाटलं.

आम्लाचा प्रश्न: खरंच येतं का?

इथे गाडी अडकली. बाईंना छातीत जळजळ नव्हती. दोन वर्षांपूर्वी एंडोस्कोपी झाली होती आणि ती स्वच्छ होती. ‘मला ॲसिडिटी नाही, डॉक्टरांनी नळी घालून पाहिलंय,’ असं त्या ठामपणे म्हणाल्या. पण पहाटे तोंडाला आंबट-कडू चव असायची, आवाज बसायचा आणि रात्री कोरडा खोकला यायचा. आवाज बसतो तो शिकवण्यामुळे, खोकला खडूच्या धुळीमुळे, असं सगळ्यांनी ठरवलेलं होतं.

स्वच्छ एंडोस्कोपीचा अर्थ अन्ननलिकेला जखम नाही, एवढाच. आम्ल वर येतच नाही असं त्यातून सिद्ध होत नाही.

दोन वाटा होत्या. एक, पित्ताची गोळी नीट सुरू करायची आणि दोन महिन्यांनी फरक पाहायचा. जळजळ असेल तर ही वाट चांगली. पण जळजळच नसेल तर फरक कशावरून ओळखणार? दाताची झीज दोन महिन्यांत दिसत नाही. दुसरी वाट, पुण्याला जाऊन नाकातून बारीक नळी घालून चोवीस तासांची पीएच चाचणी, म्हणजे अन्ननलिकेत आम्ल किती वेळ असतं याचं मोजमाप. खर्च, दोन दिवसांची रजा, त्यात कोरड्या नाकातून नळी. बाईंचे यजमान पहिल्या वाटेच्या बाजूचे होते. मी दुसरीचा आग्रह धरला, कारण पुढचं सगळं दातकाम या उत्तरावर ठरणार होतं. आम्ल चालू असताना केलेलं महागडं काम वाळूवरचं घर ठरलं असतं.

गोळी आठवडाभर बंद ठेवून चाचणी झाली. चोवीस तासांपैकी ४.८ टक्के वेळ अन्ननलिकेत आम्ल होतं. ४ च्या खाली सामान्य, ६ च्या वर नक्की आजार, मधलं सगळं संदिग्ध. आम्ल वर येण्याचे प्रसंग ३८, म्हणजे सामान्य मर्यादेतच. पण रात्री आडवं असताना आलेले मोजके प्रसंग खूप लांबले होते, एक तर वीस मिनिटांहून जास्त.

पोटविकारतज्ज्ञांनी ते फार छान उलगडून सांगितलं. आम्ल सगळ्यांच्याच अन्ननलिकेत अधूनमधून येतं. एकदोन आवंढे गिळले की ते बरचसं खाली जातं, आणि उरलेलं लाळेतलं बायकार्बोनेट, म्हणजे सोड्यासारखा क्षार, मारतं. झोपेत लाळ तशीही नावापुरती असते. बाईंच्या बाबतीत तेवढीही नव्हती. आलेला पाहुणा कमीच, पण त्याला दाराबाहेर काढणारं कुणी नाही.

तोंडातही तेच. पीएच जितका कमी तितकं आम्ल तीव्र. जठरातल्या आम्लाचा पीएच १ ते २. इनॅमल साधारण ५.५ च्या खाली विरघळू लागतं, उघडं पडलेलं मूळ त्याहून आधीच, ६ च्या आसपास. लाळ असलेल्या तोंडात पीएच काही मिनिटांत वर येतो. लाळ नसलेल्या तोंडात तेच आम्ल दातावर बसून राहतं. म्हणून ‘चाचणी संदिग्ध आहे’ हे वाक्य बाईंच्या दातांना लागू करता येत नव्हतं. संदिग्ध आकडा, पण त्यांच्या तोंडात पुरेसा.

तोललेले पर्याय

बाईंच्या नणंदेचं मत: ‘सगळे काढून कवळी बसवून टाका, रोजची कटकट जाईल.’ गावात हे मत बरंच चालतं. पण कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे. कोरड्या तोंडात ती निसटते आणि खाली हिरडी सोलते. हा पर्याय मी पहिल्यांदा बाजूला केला.

सगळ्या झिजलेल्या दातांना लगेच कॅप बसवणं हा दुसरा. दिसायला सुंदर. पण त्यासाठी उरलेला दात आणखी कोरावा लागतो, आणि कॅपची कड हिरडीजवळ जिथे संपते तिथेच बाईंना कीड लागत होती. तीन फिलिंगनी मला ते आधीच दाखवलं होतं.

तिसरा पर्याय: आधी आम्ल आणि कीड थोपवायची, दात तात्पुरते झाकायचे, झीज थांबल्याचा पुरावा हाती आल्यावरच दात न कोरता वर थर चढवायचा. यात पुढचे दात निदान सहा महिने तसेच दिसणार होते. बाईंना रोज चाळीस मुलांसमोर उभं राहायचं होतं. त्यांनी एक रात्र मागितली आणि दुसऱ्या दिवशी फोनवर म्हणाल्या, ‘टवका उडालेला तेवढा बुजवून द्या, बाकी थांबते.’ तसं केलं.

काय केलं

सगळ्यात आधी औषधांची यादी. अमिट्रिप्टिलीन तोंड कोरडं करते आणि अन्ननलिकेच्या खालच्या झडपेला सैल करते. अम्लोडिपीनही झडप सैल करणाऱ्यांपैकी. दातांच्या डॉक्टरने परस्पर गोळ्या बंद करायच्या नसतात. मी फॅमिली डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिली हळूहळू उतरवत बंद केली, दुसरीच्या जागी वेगळ्या गटातली दिली. संधिवाततज्ज्ञांनी सांध्यांसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन सुरू केलं. दमा नाही, काचबिंदूचा धोका नाही याची खात्री करून लाळेसाठी पायलोकार्पीनही दिलं. चघळल्यावर लाळ येते हे मोजलेलं होतं म्हणून त्याचा उपयोग होईल असं वाटलं. घाम फार यायचा. चार वेळांऐवजी तीन वेळा घेऊन बाईंनी ते निभावलं.

पित्ताची गोळी आता जेवणाच्या अर्धा तास आधी, दोन्ही वेळा, आठ आठवडे, मग एकदाच. यजमानांनी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे बसवले. नुसत्या उशा रचल्या की माणूस कमरेत वाकतो आणि पोटावर दाब उलट वाढतो. रात्रीचं जेवण साडेनऊचं साडेसातवर आणणं सगळ्यात अवघड गेलं, कारण सासूबाई मालिका संपल्याशिवाय पान घेत नसत. शेवटी बाई एकट्या आधी जेवू लागल्या. एकत्र कुटुंबात या गोष्टीचं वजन किती असतं ते औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

तोंडासाठी: आंबट पाणी आलं तर लगेच ब्रश करायचा नाही, आम्लाने मऊ झालेला थर घासला जातो. पेलाभर पाण्यात अर्धा छोटा चमचा खायचा सोडा घालून चूळ भरायची, थुंकायची, ब्रश तासाभराने.

फ्लोराइडबद्दल जरा थांबून सांगते. आपल्याकडे नियमाने टूथपेस्टमध्ये १००० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग) जास्त फ्लोराइड नसतं. अशा तोंडाला ते पुरत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी मी ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश लावते. त्यात २२,६०० पीपीएम असतं. घरी वापरायला जेल हवं होतं, पण दातांच्या डॉक्टरांकडे सहज मिळणारं फ्लोराइड जेल बहुतेकदा आम्लयुक्त असतं, पीएच ३.५ च्या आसपास. झिजलेल्या, कोरड्या तोंडात रोज ते लावणं म्हणजे आगीवर तेल. उदासीन पीएचचं जेल मागवून घेतलं आणि दातांच्या मापाचे ट्रे करून दिले. बाईंना भीती होती की फ्लोराइडने दात पिवळे पडतात. त्यांच्या माहेराकडे विहिरीच्या पाण्याने मुलांचे दात तसे झालेले त्यांनी पाहिले होते. ते डाग हिरडीखाली दात घडत असतानाच्या वयात पडतात, सेहेचाळिसाव्या वर्षी नाही, हे समजावल्यावर त्या तयार झाल्या.

आवळा सुपारी बंद. बिनसाखरेचं, झायलिटॉल या कीड न लावणाऱ्या गोडव्याचं च्युइंगम दिलं, पण मुलांसमोर बाई च्युइंगम चघळणार कशा? एसटीत आणि मधल्या सुट्टीत, असं ठरलं.

सहा महिन्यांनी आधीच्या प्लास्टरच्या साच्यांशी आणि फोटोंशी ताडून पाहिलं. टाळूकडच्या बाजूची चकाकी जाऊन पृष्ठभाग निस्तेज झाला होता. चालू झीज चकाकते, थांबलेली निस्तेज होते. मग दिवाळीच्या सुट्टीत वरच्या सहा दातांवर, दात न कोरता, कंपोझिटचे थर चढवले. दात मागून जाड झाल्याने दाढा सुरुवातीला एकमेकींना टेकत नव्हत्या. त्या पाच महिन्यांत हळूहळू टेकल्या. हे असंच व्हायला हवं असतं.

सुट्टीत करण्यामागे आणखी एक कारण होतं. त, थ, द, ध म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते, नेमकी तिथेच मी भर घालणार होते. बाई पहिलीला मुळाक्षरं शिकवतात. दोन आठवडे त्यांनी घरी आरशासमोर ‘दगड, धरण, थवा’ घोकलं. शाळा सुरू झाली तेव्हा उच्चार साफ होता.

परिणाम

वीस महिने झाले. टाळूकडची झीज पुढे सरकलेली नाही. दात आंबणं जवळजवळ गेलं आहे. रात्रीचा खोकला पित्ताची गोळी एकदाच घेऊनही परतलेला नाही.

पण खालच्या दोन दाढांच्या मुळांशी नवी कीड लागली, आणि तिचं कारण मला लागलं. आवळा सोडल्यावर वर्गात घसा कोरडा पडला की बाई खडीसाखर तोंडात ठेवू लागल्या होत्या. आंबट नको म्हणाले होते मी, त्यांनी ते तंतोतंत पाळलं. एका दाढेत ग्लास आयोनोमर हे फ्लोराइड सोडणारं फिलिंग भरलं. दुसरीतली कीड आत वळलेली होती. तिथे मी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड लावलं. दात काळा पडतो, पण कीड कडक होऊन थांबते, आणि मागच्या दाढेचा काळेपणा बाईंना चालणार होता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी कपात लाळ मोजायला हवी होती. पंधरा मिनिटं आणि एक प्लास्टिकचा कप. चाळिशीपुढची स्त्री, हिरडीलगत एकदम पाच खाचा आणि कोरडा घास, एवढ्यावर आता मी मोजतेच.

काय सोडायचं हे सांगितलं, त्या जागी पर्समध्ये काय ठेवायचं ते पुरेसं ठरवलं नाही. च्युइंगम वर्गात चालत नाही हे मला माहीत होतं, तरी वर्गातल्या पाच तासांचा प्रश्न मी उघडा सोडला. आता तिथे पाण्याचा छोटा फवारा आणि झायलिटॉलची विरघळणारी गोळी आहे.

पीएच चाचणीच्या आग्रहाबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. परवडत नसलेल्या घरात मी कदाचित आंबट चव, बसलेला आवाज आणि टाळूकडची झीज या तिन्हींवर भरवसा ठेवून उपचार सुरू करायला सांगितले असते, आणि दर तीन महिन्यांनी फोटो काढून पाहिलं असतं.

कानाखालच्या ग्रंथींवर दर वेळी मी हात फिरवून पाहते. या आजारात तिथे टिकून राहणारी सूज आली तर लिम्फोमा या कर्करोगासाठी तपासावं लागतं. अजून काही नाही. वरच्या डाव्या सुळ्यावरच्या कंपोझिटला मागच्या महिन्यात छोटी चीर दिसली. चावताना लागत नाही, कड उघडी नाही, म्हणून नुसतं घासून गुळगुळीत केलं आहे. नाताळच्या सुट्टीत बाई वार्निशसाठी येतील तेव्हा ती चीर वाढली असेल तर तेवढा थर काढून नवा चढवायचा, असं आमच्यात ठरलं आहे.